फॉर्मॅट बदलला तरी चित्र जडच का, आणि कधी कधी आधीपेक्षा वाईट का

तक्रारीचे शब्द बदलतात, दुखणं तेच असतं. 'सगळे फोटो वेबपी केले, तरी पान उघडायला वेळ लागतोच.' 'पीएनजीचं वेबपी केलं तर फाइल उलट वाढली.' 'एव्हिफने साइझ अर्धी झाली, पण चेहऱ्यांवरचं सगळं बारीक काम गेलं.' 'स्क्रीनशॉटमधली लाल अक्षरं फुटली.' आणि शेवटी तो प्रश्न: मग वेबपी, एव्हिफ, पीएनजी, जेपेग या चित्राची फाइल साठवायच्या प्रकारांपैकी, म्हणजे फॉर्मॅटपैकी, नेमका कोणता चांगला?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकून फॉर्मॅट बदलला की काही दिवस बरं वाटतं, मग तीच तक्रार दुसऱ्या पानावर उगवते. माझ्या मते फॉर्मॅट हा तिसरा निर्णय. पहिला, किती पिक्सेल पाठवायचे. दुसरा, चित्रात आहे काय आणि हातात आलेली फाइल आधी कितीदा कॉम्प्रेस झालेली आहे. हे दोन नक्की झाले की फॉर्मॅट निवडायला फारसं डोकं लागत नाही. ते न बघता थेट फॉर्मॅटला हात घातला, की वरच्या चारपैकी एक तक्रार हमखास येते.

आधी पिक्सेल मोजा

ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये फक्त इमेजेस ठेवा आणि साइझच्या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात मोठ्या फायली वर आणा. पानाचा बहुतेक भार पहिल्या दोन-चार फायलींतच सापडतो. त्यातल्या एखाद्या चित्रावर एलिमेंट्स टॅबमधून कर्सर नेला, की दोन मापं दिसतात: चित्र पानावर किती जागा घेतं आहे आणि फाइल मुळात केवढी आहे.

फोनवरून आलेला फोटो ४००० बाय ३००० चा, आणि पानावर त्याला जागा ८०० बाय ६०० ची. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल पाठवले, दाखवले ४ लाख ८० हजार. पंचवीस पट. जेपेगवरून एव्हिफवर जाऊन पंचवीस पट बचत कुठलाही एन्कोडर (चित्र त्या फॉर्मॅटमध्ये बांधणारं टूल) देणार नाही. बारीक पिक्सेलच्या स्क्रीनसाठी दुप्पट माप धरलं, १६०० बाय १२००, तरी मूळ फाइल सव्वासहा पट मोठीच आहे. तिप्पट घनतेच्या फोनसाठी तिप्पट मापाचे फोटो द्यायचा अट्टहास मी करत नाही. फोटोत दुपटीनंतरचा फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही, डेटा मात्र जातो.

इथे आणखी एक गोष्ट सुटते. ब्राउझरने चित्र उलगडलं की ते मेमरीत साधारण पिक्सेलमागे ४ बाइट घेतं. ४००० बाय ३००० चं चित्र म्हणजे ४८ एमबी. फाइल नेटवरून २०० केबीची आली की २ एमबीची, मेमरीत दोन्ही सारख्याच. 'फाइल तर लहान केली, पण पान स्क्रोल करताना फोन अडखळतो' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

सोर्ससेट (एकाच चित्राच्या वेगवेगळ्या मापांच्या फायलींची यादी) दिलेला असूनही मोठीच फाइल येत असेल, तर साइझेस (चित्राला पानावर किती रुंदी मिळणार हे सांगणारा) हा अ‍ॅट्रिब्यूट तपासा. तो लिहिलेला नसेल तर ब्राउझर असं धरून चालतो, की चित्र स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचं आहे. मग तीनशे पिक्सेलच्या कार्डातल्या थंबनेलसाठी दोन हजार पिक्सेलची फाइल उतरते, आणि दोष जातो फॉर्मॅटकडे. तसंच, पानाच्या डोक्यावरच्या मुख्य चित्राला लेझी लोडिंग (चित्र दिसायची वेळ येईपर्यंत ते न मागवणं) लावलं असेल तर ते काढा. सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा असं कोअर वेब व्हायटल्स या गूगलच्या निकषांमध्ये अपेक्षित आहे, आणि तो घटक बहुधा तोच फोटो असतो. त्याचीच मागणी उशिरा गेली तर एव्हिफ काय करणार?

वेबपी केलं आणि फाइल वाढली

हे दोन वेगळ्या कारणांनी होतं, आणि दोघांचा इलाज वेगळा आहे.

पहिलं कारण: हातातली फाइल मुळात जेपेग होती, आणि तीही आधीच करकचून कॉम्प्रेस केलेली. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील टाकून देतं. क्वालिटी (चित्र किती जपायचं हे सांगणारा आकडा) ६०-६५ वर ठेवलेल्या फाइलमध्ये या चौकोनांच्या कडा उमटलेल्या असतात, अक्षरांभोवती मुंग्यांसारखे ठिपके असतात. नवा एन्कोडर ही घाण ओळखत नाही. त्याच्या लेखी तो चित्राचाच तपशील. तो इमानदारीने जपायला त्याला बाइट्स लागतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढताना आधीच्या कॉपीवरचे डाग नव्या कॉपीत उतरतात, तसलाच प्रकार. मूळ ६५ ची जेपेग, त्यावर वेबपी ९० ची: फाइल वाढणारच, आणि चित्र कणभरही सुधारणार नाही.

तपासायचं कसं? फोटो ४०० टक्के मोठा करून आकाश, भिंत, गाल अशा सपाट भागाकडे बघा. चौकोनांची जाळी दिसली की फाइल आधीच पिळलेली आहे. इमेजमॅजिकच्या आयडेंटिफाय कमांडने तपशीलवार माहिती काढली तर जेपेग कोणत्या क्वालिटीची असावी याचा अंदाजही मिळतो.

इलाज म्हणजे मूळ फाइल शोधणं. कॅमेऱ्यातली, डिझायनरकडची, मेसेजिंग अ‍ॅपमधून न आलेली. ती मिळत नसेल तर त्या जेपेगला तसंच राहू द्या. जेपेगट्रॅनसारख्या टूलने पिक्सेल न बदलता फक्त आतली मांडणी नीट लावता येते. थोडे बाइट्स तिथेही निघतात आणि नुकसान शून्य. जेपेग एक्सएल या कामात फारच हुशार आहे. जुनी जेपेग ते साधारण २० टक्के लहान करतं आणि हवी तेव्हा बाइट-न-बाइट जशीच्या तशी परत देतं. पण २०२३ च्या सुरुवातीला क्रोम ११० मधून त्याचा प्रायोगिक आधार काढला गेला, त्याच वर्षी सफारी १७ मध्ये ते आलं, आणि या ओढाताणीत सगळ्यांना दिसेल असं ते झालं नाही. साठवणीला उत्तम. वेबसाइटवर एकट्याच्या भरवशावर ठेवायला नको.

दुसरं कारण क्वालिटीच्या आकड्याचं. लोक जेपेगचा ८५ उचलून वेबपीला लावतात, वेबपीचा उचलून एव्हिफला. हे आकडे एका पट्टीवरचे नाहीत. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) वापरणाऱ्यांच्या नेहमीच्या शार्प लायब्ररीत आपणहून काही सांगितलं नाही तर जेपेग आणि वेबपीला ८० क्वालिटी मिळते, एव्हिफला ५०. एव्हिफला ८५ दिलं तर फाइल फुगणारच. आणि एव्हिफएन्क या टूलच्या जुन्या पर्यायांत तर पट्टी ० ते ६३ अशी उलटी होती: आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. कुणाच्या तरी जुन्या स्क्रिप्टमधून आकडे कॉपी करणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

म्हणून तुलना आकड्यांची करू नका, चित्रांची करा. स्क्वूशसारखं ब्राउझरमधलं टूल घ्या, मधली पट्टी सरकवत दोन्ही बाजू बघा, आणि पानावर जेवढं दिसणार आहे त्याच मापात बघा. तीनशे टक्के झूम करून फरक शोधत बसलात तर सगळंच वाईट दिसेल. शेकडो फोटो असतील तर प्रत्येक प्रकारातले चार-पाच निवडून त्यांच्यावर क्वालिटी नक्की करा आणि तीच बाकीच्यांना लावा. स्क्रिप्टमध्ये एक अट मात्र घालाच: नवी फाइल जुन्यापेक्षा मोठी निघाली तर ती टाकून द्यायची. ही एक ओळ नसल्यामुळे किती साइट्स 'ऑप्टिमाइझ' होऊन जड झाल्या असतील, देव जाणे.

स्क्रीनशॉट, तक्ते आणि लाल अक्षरं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

एखाद्या सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट घ्या. वर गडद निळी पट्टी, तिच्यावर लाल अक्षरांत 'अपूर्ण' असं लिहिलेलं. हा स्क्रीनशॉट वेबपीमध्ये क्वालिटी ८० ला सेव्ह केला. निळ्या पट्टीतल्या लाल अक्षरांच्या कडा पसरल्या, उकारांची पोटं भरून आली. क्वालिटी ९५ केली. अक्षरं तशीच. १०० केली. फाइल भलीमोठी झाली, अक्षरं थोडीशी सुधारली, पण स्वच्छ काही झाली नाहीत.

कारण क्वालिटीत नाहीच. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. याचा फायदा घेऊन लॉसी (थोडा तपशील टाकून फाइल लहान करणारे) फॉर्मॅट उजेड आणि रंग वेगळे करतात आणि रंगाची माहिती निम्म्या रुंदीला, निम्म्या उंचीला साठवतात. दोन बाय दोन पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीत उजेडाचे चार आकडे आणि रंगाची एकच जोडी. याला ४:२:० म्हणतात. फोटोत हे खपून जातं. पण गडद निळा आणि लाल यांच्या उजेडात अंतर थोडंच. कड दिसते ती मुख्यतः रंगामुळे, आणि रंगाचीच तीन चतुर्थांश माहिती फेकलेली. लॉसी वेबपीत ४:२:० शिवाय दुसरा पर्याय नाही, मग क्वालिटी कितीही चढवा. एन्कोडरमध्ये 'शार्प वाययूव्ही' नावाचा पर्याय असतो, त्याने कडा बऱ्यापैकी सावरतात. जेपेग आणि एव्हिफमध्ये पूर्ण रंग ठेवणारा ४:४:४ निवडता येतो. इमेजमॅजिक जेपेग करताना ९० च्या खाली आपोआप ४:२:० वर जातं आणि ९० पासून पुढे पूर्ण रंग ठेवतं. ८९ आणि ९० मध्ये फाइल एकदम उडी का मारते, या कोड्याचं उत्तर हेच.

तरी माझा सल्ला असा, की स्क्रीनशॉटला लॉसी लावूच नये. लॉसलेस (एकही पिक्सेल न बदलता लहान करणारं) वेबपी करा. नाव एकच असलं तरी लॉसी वेबपी आणि लॉसलेस वेबपी या आतून दोन वेगळ्या पद्धती आहेत. लॉसी व्हीपी८ या व्हिडिओ कॉम्प्रेस करायच्या पद्धतीतून आलेली, लॉसलेस स्वतंत्रपणे बनवलेली. सपाट रंग, सरळ रेघा आणि मजकूर असलेल्या चित्रात लॉसलेस फाइल पुष्कळदा लॉसीपेक्षा लहानही निघते. 'लॉसलेस म्हणजे मोठी' हा समज फोटोंपुरता खरा आहे. सेन्सरच्या बारीक गोंगाटाचा अंदाज बांधता येत नाही म्हणून फोटो पीएनजीत ठेवला की काही एमबी खातो. स्क्रीनशॉटमध्ये गोंगाटच नसतो.

पीएनजीच ठेवायचं असेल तर इंडेक्स्ड, म्हणजे जास्तीत जास्त २५६ रंगांच्या यादीवर चालणाऱ्या, पीएनजीत न्या. पीएनजीक्वांट हे काम चांगलं करतं, आणि मोजके रंग असलेल्या तक्त्यांत फरक शोधूनही सापडत नाही.

आता एक छुपा सापळा. १२०० पिक्सेल रुंदीचा स्वच्छ, इंडेक्स्ड स्क्रीनशॉट तुम्ही ९०० पिक्सेलचा केलात. पिक्सेल कमी झाले, बाइट्स वाढले. मूळ चित्रात पांढरा, करडा, निळा असे मोजके रंग होते आणि ओळीच्या ओळी एकसारख्या होत्या. लहान करताना प्रत्येक कडेवर दोन रंगांच्या मधल्या शेकडो छटा तयार झाल्या. टूलने इंडेक्स्ड पीएनजीचं चुपचाप पूर्ण रंगांचं पीएनजी केलं, आणि पुनरावृत्तीवर जगणाऱ्या कॉम्प्रेशनला धरायला काही उरलं नाही. अक्षरांची शिरोरेषाही धूसर झाली ती वेगळीच. अपलोड केल्यावर आपोआप लहान मापं बनवणाऱ्या प्रणालींत हे दिसतं: मधल्या मापाची फाइल मूळ फाइलपेक्षा जड. इलाज दोन. स्क्रीनशॉट घेतानाच खिडकी हव्या त्या मापाची करा, किंवा लहान केल्यानंतर पुन्हा रंग कमी करा. क्रम उलटा केलात तर उपयोग नाही.

आणि चित्रात नुसता मजकूरच असेल, तर तो मजकूर म्हणूनच पानावर लिहा. शोधता येईल, निवडता येईल, स्क्रीन रीडरला वाचता येईल आणि तो कधी फुटणार नाही.

फोटोंसाठी: जेपेग, वेबपी की एव्हिफ

इथे तिन्ही चालतात, आणि फरक लोक समजतात त्यापेक्षा कमी असतो. १९९२ चं जेपेग म्हणजे म्हातारं झालं असं मानायची पद्धत आहे, पण मोझजेपेगसारख्या चांगल्या एन्कोडरने काढलेलं जेपेग वरच्या क्वालिटीला वेबपीच्या फार मागे राहत नाही. शिवाय प्रोग्रेसिव्ह जेपेग मंद नेटवर आधी धूसर आणि मग स्पष्ट असं दिसत जातं. वेबपीत ही सोय नाही. वेबपीचा फायदा मधल्या आणि खालच्या क्वालिटीला नीट दिसतो. आणि एका ठिकाणी तर तोडच नाही: पार्श्वभूमी कापलेला, पारदर्शक फोटो. पीएनजीत तो अवाढव्य होतो, जेपेगमध्ये पारदर्शकता नाहीच, तिथे पार्श्वभूमी पांढरी किंवा काळी होऊन बसते. लॉसी वेबपी फोटोही लहान करतं आणि पारदर्शक कडाही राखतं.

एव्हिफ कमी बाइट्समध्ये खरोखर चांगलं दिसतं. त्याची खोड वेगळी. जेपेगची क्वालिटी जास्त उतरवली की चौकोन दिसतात आणि माणूस सावध होतो. एव्हिफची उतरवली की चित्र आणखी गुळगुळीत होत जातं, खटकत काहीच नाही, म्हणून हात आवरत नाही. मग केस, लोकर, वाळू, दगडाचा खडबडीतपणा, त्वचेवरची रंध्रं हळूहळू पुसली जातात. चेहऱ्यांवरचं बारीक काम गेल्याची तक्रार आली की हेच झालेलं असतं. असे फोटो असतील तर क्वालिटी थोडी वर न्या, आणि तरी पोत टिकत नसेल तर त्या फोटोपुरतं जेपेग किंवा वेबपी वापरा. पूर्ण साइटला एकच फॉर्मॅट हवा असा नियम कुठे नाही.

आकाशात किंवा हळूहळू बदलणाऱ्या रंगांत पट्टे पडत असतील तर संशय वेबपीवर घ्या. लॉसी वेबपी ८ बिटचं (म्हणजे २५६ पायऱ्यांचं) आहे आणि उजेडासाठी त्या ८ बिटांतलाही पूर्ण पल्ला वापरत नाही. एव्हिफ १० बिटचं काढता येतं, पट्टे बरेच कमी होतात. मूळ फाइलमध्येच पट्टे असतील तर अर्थात कुणीच वाचवू शकत नाही.

एव्हिफ बनवायला वेळ फार लागतो, हे खरं. वेग वाढवणारी सेटिंग असते, पण ती ताणली की फाइल मोठी किंवा चित्र कमअस्सल. एकदाच बनवून हजार वेळा दाखवायच्या फोटोला हा वेळ परवडतो. वापरकर्ते मिनिटामिनिटाला फोटो चढवतात अशा ठिकाणी वेबपी बरं. आणि अगदी लहान आयकॉनला एव्हिफ लावू नका. त्याच्या डब्याचीच (चित्राभोवतीच्या वेष्टनाची) काही शे बाइट्सची माहिती चित्रापेक्षा जड होते.

रंग उडाले, फोटो आडवा झाला

हे कॉम्प्रेशनचं पाप नाही, मेटाडेटा (फाइलमध्ये चित्रासोबत ठेवलेली माहिती) पुसल्याचं आहे. हल्लीच्या पुष्कळ फोनचे फोटो डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपल्ल्यात असतात आणि तसं सांगणारी कलर प्रोफाइल फाइलमध्ये असते. बाइट्स वाचवायला सगळा मेटाडेटा काढला की प्रोफाइलही जाते, ब्राउझर फोटो एसआरजीबी (वेबवरच्या नेहमीच्या, लहान रंगपल्ल्याचा) समजतो आणि लाल-हिरवे रंग फिके पडतात. आधी फोटो एसआरजीबीत बदलून घ्या, मग मेटाडेटा काढा. आडव्या फोटोचंही तेच: फोन पिक्सेल फिरवत नाही, नुसती 'फिरवून दाखवा' अशी नोंद ठेवतो. ती पुसण्याआधी पिक्सेल प्रत्यक्ष फिरवून घ्यायला हवेत. बहुतेक टूल्समध्ये त्यासाठी 'ऑटो ओरिएंट' नावाचा पर्याय असतो. मेटाडेटा काढणं मात्र सोडू नका. त्यात फोटो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात.

छपाईसाठी बनवलेली जेपेग सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) रंगांत असते. रंग विचित्र भडक किंवा मळकट दिसले तर तेही बघा.

एकाला दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही

वेबपी २०१० साली आलं, पण फायरफॉक्सने ते २०१९ मध्ये घेतलं आणि सफारीने २०२० मध्ये, १४ व्या आवृत्तीत. एव्हिफ क्रोममध्ये २०२० ला, फायरफॉक्समध्ये २०२१ ला, सफारी १६ मध्ये २०२२ ला आणि एजमध्ये २०२४ च्या सुरुवातीला. म्हणजे वेबपीची चिंता आता जवळजवळ सोडून द्यायला हरकत नाही. एव्हिफला मात्र मागे आधार ठेवावा. पिक्चर टॅगमध्ये सोर्सच्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि चालणारी पहिली ओळ उचलली जाते. वेबपीची ओळ एव्हिफच्या वर लिहिली तर एव्हिफ कधीच वापरलं जाणार नाही, आणि 'एव्हिफ लावलं पण साइझ तेवढीच' ही तक्रार येईल. प्रत्येक सोर्सला टाइप द्या, आणि शेवटी साधा इमेज टॅग हवाच. तो नसेल तर काहीच दिसणार नाही.

सर्व्हर किंवा सीडीएन (फायली वाचकाच्या जवळून पुरवणारी सेवा) ब्राउझरच्या अ‍ॅक्सेप्ट हेडरवरून (मला कोणते फॉर्मॅट चालतात हे सांगणाऱ्या ओळीवरून) फॉर्मॅट निवडत असेल, तर उत्तरात 'व्हेरी: अ‍ॅक्सेप्ट' आहे का बघा. उत्तर ब्राउझरनुसार बदलतं ही सूचना नसेल तर एकाला दिलेलं एव्हिफ मधल्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) बसतं आणि पुढे जुन्या ब्राउझरलाही तेच मिळतं. हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, त्यामुळे माणूस वेडा व्हायची पाळी येते. आपल्या मशीनवर सगळं ठीक आणि तक्रार फक्त काही जणांची असेल, तर पहिला संशय इथेच घ्या.

नाव बदललेल्या फायली हा आणखी एक प्रकार. आयफोन २०१७ पासून एचईआयसीत फोटो काढतात. कुणीतरी शेवटचं डॉट-एचईआयसी पुसून डॉट-जेपीजी लिहितं आणि फाइल चढवतं. सफारीच्या नव्या आवृत्तीत ती दिसते, क्रोम-फायरफॉक्समध्ये फुटकं चित्र. नावावर विश्वास न ठेवता फाइलच्या सुरुवातीचे बाइट्स वाचणारं टूल वापरा. लिनक्स-मॅकवरची 'फाइल' ही कमांड एका ओळीत खरं काय ते सांगते.

एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांचं वर्णन असलेलं व्हेक्टर चित्र) दिसत नसेल तर सर्व्हर त्याचा प्रकार काय सांगतो ते तपासा. इतर चित्रांचे सुरुवातीचे बाइट्स बघून ब्राउझर सांभाळून घेतो, एसव्हीजीच्या बाबतीत तसं करत नाही. आणि लोगोची एसव्हीजी काहीशे केबीची असेल तर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. आत अक्षरांचा न संपणारा ढीग दिसला तर कुणीतरी एसव्हीजीच्या पोटात पीएनजी कोंबलं आहे. डिझायनरकडून खरी व्हेक्टर फाइल मागा.

लिंक शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्रासाठी मी अजून जेपेग किंवा पीएनजीच ठेवतो. ते चित्र ब्राउझर वाचत नाही, समोरच्या सेवेचा बॉट वाचतो, आणि त्याला एव्हिफ कळेलच याची खात्री धरता येत नाही.

हलणारं जिफ असेल तर फार विचार नको. १९८७ चा फॉर्मॅट, २५६ रंग. काही सेकंदांपेक्षा मोठं असेल तर त्याचा आवाज बंद केलेला, आपोआप चालणारा, पुन्हा पुन्हा फिरणारा व्हिडिओ करा.

सगळं नीट केलं तरी पुन्हा तेच

चार दिवसांनी पुन्हा चित्रं खराब किंवा जड व्हायला लागली, तर फॉर्मॅट सोडा आणि फाइल कोणकोणत्या हातांतून जाते ते बघा. डिझायनरने 'वेबसाठी' म्हणून एक्सपोर्ट केलं, हे पहिलं कॉम्प्रेशन. वर्डप्रेसने लहान मापं बनवली, हे दुसरं. त्याला आपणहून सांगितलं नाही तर तो जेपेगला ८२ आणि वेबपीला ८६ क्वालिटी लावतो, आणि ५.३ या आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठं चित्र आपोआप त्या मापावर आणतो. मग इमेज प्लगइन, तिसरं. शेवटी सीडीएनचं 'ऑटो ऑप्टिमाइझ', चौथं. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणा, आणि चौघांचा एकमेकांशी संबंध नाही.

एकच थर कॉम्प्रेस करील असं ठरवा. माझी पसंती शेवटच्या थराला: सीडीएन नीट काम करत असेल तर त्याला करू द्या, प्लगइन बंद, आणि वर्डप्रेसला चांगल्या क्वालिटीचा मोठा फोटो द्या. सीडीएन नसेल तर उलट, बिल्डमध्ये (साइटच्या फायली तयार होताना) किंवा प्लगइनमध्ये करा आणि बाकी कुठेही नको. मूळ फायली मात्र कुठल्याही थराच्या हाती न लागणाऱ्या फोल्डरमध्ये, न छेडता राहू द्या. पुढच्या वर्षी फॉर्मॅट बदलायचा झाला तर कॉम्प्रेस झालेल्या फायलींवरून बदलावा लागू नये.

कोणता थर गडबड करतो ते शोधायला एकच फोटो घ्या, शक्यतो केस किंवा गवत असलेला. तो चढवण्याआधी साइझ आणि माप लिहून ठेवा. चढवल्यावर सर्व्हरवरच्या फोल्डरमधली फाइल उतरवा, मग सीडीएनला वळसा घालून थेट सर्व्हरवरून मागवलेली, आणि शेवटी ब्राउझरला प्रत्यक्ष मिळालेली. तिन्हींची साइझ, माप आणि खरा फॉर्मॅट शेजारी शेजारी मांडा. जिथे आकडा अचानक बदलतो तो थर तुमचा. बदल केल्यावर त्याच नावाने फाइल परत चढवू नका, कॅशे जुनीच दाखवील. नाव बदलून चढवा आणि तीच तीन ठिकाणं पुन्हा तपासा.